नांवें तींच, माणसें निराळीं

गोष्ट सांगून संपली कीं लहान मूल हटकून विचारतें, "मग पुढें काय झालें?" या प्रश्नाचें उत्तर देणारे कथाकार जगांत पुष्कळ आहेत. परंतु "तीच गोष्ट पहिल्यापासून सांगा, मात्र आतां निराळी सांगा," असें मूल सहसा म्हणत नाहीं; उलट एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर तें रागावतें. अमेरिकेंतील एका चित्रकथेच्या कर्त्यांनीं २०१९ सालीं नेमका हाच रोष पत्करला. ती हकीकत मनोरंजक आहे, आणि प्रथमदर्शनीं वाटते तितकी पोरकटहि नाहीं.

मूळ गोष्ट दूरचित्रवाणीवरची. 'बफी द व्हँपायर स्लेयर' ही मालिका १० मार्च १९९७ रोजीं अमेरिकेंत सुरू झाली आणि २० मे २००३ रोजीं संपली. सात पर्वें, १४४ भाग. तिचा जनक जॉस व्हीडन यानें याच कल्पनेवर लिहिलेला एक चित्रपट १९९२ सालीं येऊन गेला होता, पण खरी कीर्ति मालिकेनें मिळविली. व्हँपायर म्हणजे माणसाचें रक्त पिऊन जगणारें पिशाच्च. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीमुळें या जातीची ओळख आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्यांना जुनीच आहे. कॅलिफोर्नियांत सनीडेल नांवाचें एक काल्पनिक गांव. त्या गांवच्या शाळेखालीं नरकाचें तोंड. आणि त्यांतून वर येणाऱ्या भुताखेतांचा बंदोबस्त करण्यासाठीं दैवानें निवडलेली बफी समर्स ही सोळा वर्षांची मुलगी. शाळेचा इंग्रज ग्रंथपाल रूपर्ट जाइल्स हा तिचा गुरु. त्याच्या ग्रंथालयांत पुस्तकासाठीं विद्यार्थी फारसा फिरकत नाहीं, त्यामुळें भुतांविरुद्धचीं खलबतें तेथें निर्वेध चालतात! मालिकेंतील ही थट्टा शाळांशीं परिचय असलेल्या कोणालाहि खोटी वाटणार नाहीं.

बफीचे दोन मित्र. विलो रोझेनबर्ग ही हुशार पण बुजरी मुलगी, आणि झँडर हॅरिस हा बडबड्या, विनोदी, अंगीं कसलीहि सिद्धि नसलेला मुलगा. वर्गांतील श्रीमंत, तोंडाळ, रूपगर्विता कॉर्डेलिया ही चौथी. या मालिकेंतलीं पिशाच्चें नुसतीं भीतीसाठीं नव्हतीं. कोवळ्या वयांत मुलांना जें जें राक्षसासारखें वाटतें, म्हणजे एकटेपणा, फसवणूक, आईबापांचें वेगळें होणें, त्या सर्वांना तेथें खरोखरचीं नखें आणि सुळे फुटत. म्हणूनच शिकलेल्या प्रौढ माणसांनींहि ती पाहिली आणि विद्यापीठांतून तिच्यावर अभ्यास झाला.

पुढील विवेचनासाठीं मालिकेचा एक नियम ध्यानांत ठेवला पाहिजे. व्हँपायरनें माणसाचें रक्त पिऊन त्यास आपलें रक्त पाजलें, म्हणजे तो माणूस मरतो. त्याचा आत्मा निघून जातो आणि देहांत राक्षस वस्तीला येतो. चेहरा तोच, आठवणी त्याच, पण आंतला मालक बदललेला. एंजल नांवाच्या एकाच पिशाच्चास, शाप म्हणून, त्याचा आत्मा परत देण्यांत आला होता. केलेल्या पापांची जाणीव व्हावी, हीच ती शिक्षा. मालिकेंतील सारा नीतिव्यवहार या एका नियमावर उभा होता.

मालिका संपल्यावर "पुढें काय झालें" हें सांगण्याचें काम डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेनें केलें. तिच्या चित्रकथा १९९८ पासूनच निघत होत्या. २००७ पासून तिनें मालिकेचें जणूं आठवें पर्वच कागदावर सुरू केलें आणि तें ४० अंक चाललें. त्यानंतरहि पर्वें निघालीं. २०१८ सालीं हा हक्क बूम स्टुडिओज या दुसऱ्या संस्थेकडे गेला. तिनें धागा पुढें न ओढतां तो तोडला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावें तशी गोष्ट पुन्हा आरंभापासून मांडणें, यास त्या व्यवसायांत 'रीबूट' म्हणतात. जानेवारी २०१९ मध्यें पहिला अंक निघाला. लेखिका जॉर्डी बेलेअर ही मूळची रंगयोजनाकार. त्या कलेबद्दल तिला २०१४ सालीं चित्रकथाक्षेत्रांतील मानाचें आयझ्नर पारितोषिक मिळालेलें. आरंभींच्या अंकांचीं चित्रें डॅन मोरा याचीं आहेत, आणि तीं इतकीं चपळ आहेत कीं मारामारीच्या पानांवर डोळा ठरत नाहीं.

बाह्य फरक सहज दिसतात. काळ १९९७ चा नसून २०१९ चा आहे. मुलांच्या हातीं मोबाइल आहेत. मालिकेंतली बफी आईच्या मृत्यूनंतर, सहाव्या पर्वांत, खानावळींत नोकरी धरते. चित्रकथेंतली बफी पहिल्याच अंकांत एका उपाहारगृहांत राबतांना दिसते. मालिकेच्या शेवटच्या पर्वांत शाळेचा मुख्याध्यापक म्हणून आलेला रॉबिन वुड येथें तिच्याच शाळेंत विद्यार्थी आहे. मालिकेंत दुखण्याईत म्हणून आलेली ड्रुसिला येथें पिशाच्चांवर हुकमत चालविते. असले बदल म्हणजे घरांतलें सामान हलविणें होय. वाड्याची भिंत कोठें पाडली, हा खरा प्रश्न.

पहिली भिंत विलोची. मालिकेंतली विलो आईनें निवडल्यासारखे वाटणारे कपडे घालून येई, झँडरवर मनांतल्या मनांत प्रेम करी आणि खालीं मान घाली. तिला स्त्रीविषयीं प्रेम वाटतें, हें तिला स्वतःला कळण्यास चौथें पर्व, म्हणजे १९९९-२००० हें साल, उजाडावें लागलें. त्या काळीं दूरचित्रवाणीवर असें नातें दाखविण्यास धैर्य लागे. कित्येक प्रसंगीं मंत्रतंत्राच्या रूपकाआड तें सुचवावें लागलें. चित्रकथेंतली विलो प्रथमपासूनच हें जाणते, बोलते. तिला रोझ नांवाची मैत्रीण आहे आणि कोणी भुवया उंचावीत नाहीं. वीस वर्षांत समाज जेथें येऊन पोंचला, तेथून ही विलो निघते.

यांत कांहीं हरवलें का? हरवलें. बुजऱ्या मुलीला कंठ फुटतांना पाहण्यांत जो आनंद होता, तो येथें मिळत नाहीं. कारण या विलोला कंठ आधींच फुटलेला आहे. परंतु ज्या मुलीला २०१९ सालीं लपण्याचें कारण नाहीं, तिला केवळ जुन्या प्रेक्षकांच्या स्मृतीखातर पुन्हा अंधाऱ्या खोलींत कोंडणें हा अन्याय झाला असता. लेखिकेनें तो केला नाहीं, हें योग्यच. प्रश्न एवढाच उरतो, कीं जुनें दुःख काढून घेतल्यावर त्या जागीं दुसरें कोणतें ठेवलें? दुःखावांचून पात्र म्हणजे कोऱ्या पाटीवांचून शाळा.

कॉर्डेलियाच्या बाबतींत याचें उत्तर समाधानकारक नाहीं. मालिकेंतली कॉर्डेलिया सुरीसारखी बोले. तिच्या त्या निर्दय खरेपणांतून हळूहळू एक धैर्यशील स्त्री घडली. चित्रकथेंतली कॉर्डेलिया पहिल्यापासूनच गोड, सर्वांशीं मिळून मिसळून वागणारी. तिचें भलें झालें, कथेचें नाहीं. मिठाशिवायची भाजी प्रकृतीला मानवत असेल. पाहुण्याच्या पानांत ती वाढूं नये.

जुन्या पात्रांना नव्या परिस्थितींत घालण्याचा हा उद्योग अमेरिकेंतच जन्मला, असें मात्र कोणीं समजूं नये. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेला पुरता ओळखतो आणि लोकलज्जेस्तव ओळख नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि अंगठी हीं आणून त्याच राजास विस्मृतीच्या आड उभें केलें. एका शापानें राजाचा दोष धुतला गेला आणि नाटकाचा रस पार बदलला. कालिदासाचा आणि या चित्रकथेचा दर्जा एक, असें कोणी म्हणणार नाहीं. पण कसोटी तीच लावली पाहिजे. एक घटना बदलली, तर माणसाच्या अपराधाचें आणि ऋणाचें काय झालें?

ही कसोटी झँडरला लावून पाहावी, आणि येथें बेलेअरबाईंची खरी बुद्धि दिसते. मालिकेंतला झँडर सात पर्वें साधा माणूसच राहिला. भोंवतीं चेटूक, बळ, विद्या. हा मात्र हंसवणारा आणि वेळप्रसंगीं मार खाणारा. पिशाच्चांचा द्वेषहि सर्वांत कडवा त्याचाच. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, १९९८ सालीं, एंजलचा गेलेला आत्मा परत आणण्याचा यत्न विलो करीत आहे, हा निरोप बफीला देण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्यानें तो दिला नाहीं. एंजल मारला जावा, हीच त्याची इच्छा. हंसऱ्या मुलाच्या पोटांतली ही कटुता प्रेक्षक अजून विसरलेले नाहींत.

चित्रकथेनें या मुलाच्या थट्टेमागची खिन्नता प्रथमच वाचकापुढें ठेवली, आणि मग त्यालाच पिशाच्चाचा दंश करविला. तो पुरता मरूं नये म्हणून विलो आपला अर्धा आत्मा त्याला देते. मालिकेच्या शास्त्रांत आत्मा असे किंवा नसे. त्याची वांटणी होत नसे. येथें तो भाकरीसारखा दोघांत मोडला जातो. ज्या झँडरनें एका पिशाच्चाला आत्म्याची संधि मिळूं दिली नव्हती, तोच झँडर आतां उसन्या, अर्ध्या आत्म्यावर जगतो! जुनी मालिका ज्यानें पाहिली नाहीं, त्याला हा केवळ चमत्कार वाटेल. ज्यानें पाहिली, त्याच्या मनांत येथें एक जुना हिशेब जागा होतो.

विलोचेंहि तसेंच. मालिकेच्या सहाव्या पर्वाअखेर, २००२ सालीं, प्रिय टारा हिच्या मृत्यूनें वेडी झालेली विलो जगाचा नाश करावयास निघते, आणि तिला परत आणतो तो बळहीन झँडर. शस्त्र नाहीं, मंत्र नाहीं. लहानपणच्या मैत्रीच्या चार शब्दांनीं. चित्रकथेंत देणारा आणि घेणारा यांनीं जागा बदलल्या आहेत. आतां विलो देते, तेंहि शब्द नव्हेत, स्वतःचा निम्मा जीव. काढून घेतलेल्या बुजरेपणाच्या जागीं हें दुःख ठेवलें आहे, आणि तें हलकें नाहीं. कारण दिलेलें वांचत नाहीं. कालांतरानें झँडरमधलें पिशाच्चच वरचढ होतें, आणि अर्धी उरलेली विलो त्याचें ओझें वाहत राहते.

जुन्या भक्तांची एक तक्रार येथें विचारांत घेण्यासारखी आहे. आत्मा अर्धा होऊं लागला, तर पापाचा जाब कोणाला विचारावयाचा? पूर्वीं हिशेब स्वच्छ होता: आत्मा नाहीं, म्हणजे तो आपला मित्र नाहीं, हाणा खुंटी. ही तक्रार खरी आहे, आणि चित्रकथेनें ती पूर्णपणें मिटविलेलीहि नाहीं. मधल्या अंकांत तर पात्रांची आणि संकटांची इतकी गर्दी होते कीं हा नाजूक धागा कांहीं काळ हातांतून सुटतो. पण स्वच्छ हिशेबाचीहि एक किंमत होती. मालिकेच्या दुसऱ्याच भागांत झँडरचा जिवलग मित्र जेसी पिशाच्च झाला. झँडरनें त्याच्यावर खुंटी रोंखली, धांवत्या गर्दीचा धक्का लागला, आणि मित्राची धूळ झाली. त्यानंतर जेसीचें नांव मालिकेंत जवळजवळ निघालें नाहीं. बालमित्र गेला आणि पुढच्या आठवड्यांत थट्टामस्करी पूर्ववत् सुरू झाली. हें प्रेक्षकांना तेव्हांहि खटकलें होतें. पिशाच्च झँडर आणि पिशाच्च विलो मालिकेंतहि एकदां, १९९८ च्या 'द विश' या भागांत, दिसले होते. पण तें दुसरें जग होतें, भाग संपतांच पुसलें गेलें.

चित्रकथा तें पुसत नाहीं. मुख्य मालिका ३४ अंकांनंतर २०२२ सालीं संपली. त्यापूर्वीं २०२० मध्यें मारिको तामाकी या लेखिकेनें एकट्या विलोवर पांच अंकांची कथा लिहिली. चित्रें नाताचा बुस्तोस हिचीं. तींत विलो सनीडेल सोडून परदेशीं जाते. वाटेंत तिला एक गांव लागतें, आणि त्या गांवांत राहणाऱ्या बायका सगळ्या तिच्यासारख्याच, मंत्र जाणणाऱ्या आहेत. जेसीसाठीं ज्या कथेला एक संध्याकाळहि थांबतां आलें नव्हतें, तिनें झँडरसाठीं सबंध एक मुलगी गांवाबाहेर पाठविली आहे.