ब्राँझचा पत्रा आणि धाकट्याची बोटं

(पुनावळे इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच छापलंय. दोनचार शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मी गोदीत काम करतो. ठेक्यावर. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता. कविता लिहितो, पण आज कविता म्हणणार नाही. आज काचेवर बोलणार आहे. हसू नका. या पुनावळ्यात राहून काचेवर बोलायचं नाही तर कशावर?

तुमच्या चाकणला बनलेल्या गाड्या आमच्या बंदरातून जहाजावर चढतात. म्हणजे तुमचा आमचा संबंध जुना आहे. पण मी इथं येतो तो गाड्यांसाठी नाही. माझा चुलतभाऊ इथं राहतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. हायवेच्या कडेला एका बिल्डिंगला काच बसवायचं काम तो करायचा. बिल्डिंग जरा चमत्कारिक. वरचे मजले खालच्या मजल्यांच्या पुढं आलेले, जणू कुणी वाकून खाली बघतंय. महिन्यातून एका रविवारी सुट्टी मिळाली की मी पहाटेची गाडी पकडून यायचो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून त्याच्याकडं बघत राहायचो. त्याचं काम रविवारीही चालू असायचं. आठ महिने बघितलं.

मला वाटायचं काच म्हणजे भिंत. तसं नसतं. धाकट्यानं सांगितलं, दादा, ही काच कसलाच भार घेत नाही. भार घेतो कॉलम, भार घेतो स्लॅब. आधी स्लॅबच्या कडेला लोखंडी ब्रॅकेट ठोकायचे. ओळंबा लावून एकेक सरळ करायचा, कारण तिथं बोटभर चुकलं तर वीस मजल्यांवर हातभर चुकतं. मग कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत काच चिकटवून युनिट येतात. क्रेननं उचलायचे आणि त्या ब्रॅकेटवर टांगायचे. खालून वर, मजल्यावर मजला. खालच्या युनिटच्या डोक्यावर वरच्याचा पाय बसतो. मधे रबराची पट्टी, सिलिकॉन. स्लॅब आणि काच यांच्यात फट राहते, तिच्यात रॉकवूल कोंबायचं, म्हणजे खालच्या मजल्याला आग लागली तर धूर वर चढत नाही. आणि जिथं स्लॅब, बीम, वायरी दिसतील तिथं मागून रंगवलेली काच लावायची. बाहेरून सगळं एकसारखं आभाळ दिसतं. आत बीम आहे, हे कुणाला कळत नाही.

मी म्हटलं, अरे, ही तर आपली समाजव्यवस्था झाली. तो म्हणाला, तुम्हा कवींना सगळीकडं तेच दिसतं, मला ठिबकणारं सिलिकॉन दिसतं. त्याचं खरं होतं. मी वही खिशात घातली.

पुनावळे 1997 साली महापालिकेत आलं. त्याआधी हे पवनेकाठचं शेतीचं गाव. पुढं हिंजवडीला आयटी पार्क झाला आणि ऊस, ज्वारीच्या जागी हे टॉवर उगवले. टॉवरवाल्यांना दाराशी कचरा डेपो नको होता. 2023 साली मोर्चे निघाले, डेपो रद्द झाला. चांगलं झालं, झाडं वाचली. पण दोस्तांनो, कचरा काही रद्द झाला नाही. तो मोशीला जातो. आणि तो उचलणारे हात कुणाचे, हे या बैठकीत मी सांगायची गरज नाही. असो. हा विषय वेगळा आहे, त्यावर कुणीतरी वेगळं बोललं पाहिजे.

नवव्या महिन्यात मी आलो तेव्हा झुल्यावर धाकटा नव्हता. आठव्या मजल्यावर युनिट बसवताना सकर सुटला होता. काचेवर धूळ असली की सकर पकडत नाही, आधी पुसून घ्यावी लागते. पण मुकादमाला त्या दिवशी चार युनिट जास्त हवे होते. काच खाली पडली असती तर खालचे मेले असते. यानं हातानं धरली. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ठेकेदारानं दोन दिवसांचं दवाखान्याचं बिल भरलं, तिसऱ्या दिवशी फोन उचलणं बंद केलं. हजेरीवहीत याचं नाव नाही. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणा, नोंद करा, मदत घ्या. धाकट्यानं आठ महिने काम केलं. दाखला कोण देणार? ज्यानं फोन बंद केला तो. आता बोलतोय म्हणून शांत दिसतोय, त्या रात्री मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. बोटं बरी होत आली तसं धाकटा म्हणायला लागला, दादा, मला दादरला लावून दे. इंदू मिलला. बाबासाहेबांच्या अंगावर पत्रा चढवायचाय. पगार नाही दिला तरी चालेल.

इंदू मिल तुम्हाला माहीत आहे. चैत्यभूमीला लागून, समुद्राच्या कडेला. 6 डिसेंबर 2011 ला आनंदराज आंबेडकरांबरोबर आपली माणसं गेट ओलांडून आत शिरली, तेव्हा कुठं सरकारला जाग आली. 2015 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. शंभर फुटांचा चौथरा, त्यावर साडेतीनशे फुटांचे बाबासाहेब. आधी पुतळा अडीचशे फुटांचा ठरला होता, 2020 साली शंभर फूट वाढवला. शिल्प राम सुतारांचं. खर्चाचा आकडा 1,089 कोटींचा. आत लोखंडाचा सांगाडा आणि बाहेरून ब्राँझ. म्हणजे धाकट्याच्या भाषेत सांगायचं तर हाही टांगायचाच धंदा. फरक एवढाच, की इथं टांगायचंय ते आपल्या बापाचं अंग.

मी दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभा राहून तिकडं बघतो. कुंपणावरून क्रेन दिसते. रांगेतल्या म्हाताऱ्या बाया क्रेनलासुद्धा हात जोडतात. माझेही डोळे भरून येतात, खोटं कशाला बोलू? आणि तरीही गोदीतला माणूस म्हणून माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो गंजाचा.

न्यूयॉर्कच्या बंदरात तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे ना, 1886 चा. बाहेर तांब्याचा पातळ पत्रा, आत लोखंडाचा सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं, की लोखंड सडतं. म्हणून मधे अ‍ॅस्बेस्टॉसच्या पट्ट्या घातल्या होत्या. त्या कालांतरानं कुजल्या. लोखंड फुगलं, रिव्हेट उपटले. शंभर वर्षांच्या आत आतल्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या, 1986 पर्यंत ते काम चाललं. बाहेरून देवी तशीच हिरवी, मशाल घेऊन उभी. सडत होतं ते आत.

दादरचा वारासुद्धा खाराच आहे. तेव्हा पत्रा आणि सांगाडा यांच्यात काय घालणार, सांधे कोण तपासणार, पन्नास वर्षांनी आत शिरून कोण बघणार, हे विचारायचा हक्क आपला आहे. नुसतं किती फूट, किती फूट काय विचारता? सरदार पटेलांचा पुतळा 2018 ला उभा राहिला, जगात सगळ्यात उंच. त्याचे ब्राँझचे पत्रे चीनमधे ओतले. उंचीच्या शर्यतीत हे असं असतं. ज्याचा पुतळा त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून मी धाकट्याला म्हटलं, फुकट? बाबासाहेबांच्या कामावर फुकट? अरे, गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, महार-चांभाराच्या ओठांनी धागा बाटतो म्हणून. जास्त पगार त्याच खात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. 7 नोव्हेंबर 1938 ला संपाचा हक्क मारणाऱ्या बिलाविरुद्ध त्यांनी कामगार रस्त्यावर आणला. आणि आता त्यांच्याच नावानं, एका गिरणीच्या जागेवर, तू पगार सोडणार? बेल्ट मागणार नाहीस? हजेरीवहीत नाव लिहा म्हणणार नाहीस? तू भक्त म्हणून चढणार की कामगार म्हणून?

तो गप्प बसला. मग म्हणाला, दादा, तू रागावलास. पण तुझी कविता छापून येते तेव्हा तू मासिकवाल्यांकडं पैसे मागतोस का?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आत्ताही नाही. संपादक इथंच बसलेत, ते हसतायत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देहूरोडला गेलो. इथून काही लांब नाही. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी स्वतः तिथं बुद्धमूर्ती बसवली. मूर्ती रंगूनहून आणलेली. म्हणजे तीसुद्धा कुठल्या तरी बंदरावर कुणीतरी हातानं उतरवली असणार. त्या हमालाचं नाव कुठं आहे? मी तिथं बराच वेळ हाच विचार करत बसलो. तिथं क्रेन नव्हती, फुटांचा हिशेब नव्हता, धम्मदीक्षेला अजून दोन वर्षं होती.

माझं मागणं साधं आहे आणि ते या बैठकीनं ठरावात घ्यावं असं मला वाटतं. इंदू मिलच्या त्या शंभर फुटी चौथऱ्यात एक भिंत ठेवा. तिच्यावर खड्डा खणणाऱ्यापासून शेवटचा बोल्ट आवळणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं लिहा. बिहारचा असो, बंगालचा असो, नांदेडचा असो. मुसलमान असो, आदिवासी असो. मंत्र्यांच्या नावांना कोनशिला असतेच. आणि ठराव करतोच आहोत तर दुसराही करा. पुनावळे ते चाकण जेवढ्या काचेच्या बिल्डिंगा चढतायत, त्यांच्या गेटवर रविवारी दोघादोघांनी उभं राहायचं आणि सुटणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, तुझं नाव वहीत आहे का? वही आपण आपली ठेवू. तारीख, मुकादम, किती दिवस. दाखला मिळेल न मिळेल, पण कुणी म्हणू शकणार नाही की हा माणूस इथं नव्हताच.

पहिलं नाव मी लिहून आणलंय. धाकटा मागं बसलाय, उजवा हात खिशात घालून. त्या दोन बोटांनी पेन धरता येत नाही अजून, म्हणून सही डाव्या हाताची आहे. वाकडी आहे. वही पुढं पाठवतो, ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा, चहा येतोय.