देवडीत थांबवलेला पाहुणा

पेनड्राइव्हविषयी बोलायचं म्हणजे काडेपेटीविषयी बोलण्यासारखं आहे. घरोघरी असते, आणि पेटते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. लग्नाचे फोटो, सोसायटीचा अहवाल, ऊसबिलाची यादी, पोराचा बायोडाटा, सगळं या बोटभर वस्तूत घालून आपण एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडतो. माझ्या कविताही छापखान्यापर्यंत अशाच गेल्या आहेत.

ही वस्तू ज्या पोर्टमध्ये खोचतो ती यूएसबी पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट प्रमुख होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेला हा माणूस. त्याआधी प्रिंटरचं पोर्ट वेगळं, माउसचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं. आणि नवीन काही जोडलं की बऱ्याचदा संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांसाठी एकच दार केलं. सयाजीराव गायकवाड म्हणजे आपल्या मराठी मुलखातून गेलेले, त्यामुळे ही माहिती वाचून मला उगाचच आनंद झाला.

पण सगळ्यांना एकच दार असलं की दारात कोण उभं आहे, हे ओळखायचं कसं? यूएसबीत याचं उत्तर फार भाबडं आहे. येणारी वस्तू स्वतःच सांगते की मी कीबोर्ड आहे, मी कॅमेरा आहे, मी साठवणीची डबी आहे. संगणक विश्वास ठेवतो. आमच्या लहानपणी सुगी झाली की गावात बहुरूपी यायचे. अंगात खाकी, हातात दंडुका, आणि दारात येऊन मोठ्या आवाजात, ‘चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे!’ आम्ही पोरं कणगीमागं लपायचो. मोठी माणसं हसून त्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालायची, कारण त्यांना हा कोण आहे ते माहीत असायचं. संगणक मात्र कणगीमागच्या पोरासारखा. खाकी दिसली की तो पोलीस.

ही कल्पनेतली भीती नाही. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या दोघा जर्मन संशोधकांनी अमेरिकेतल्या परिषदेत दाखवून दिलं की, पेनड्राइव्हच्या पोटातल्या चिपमधली आज्ञावली बदलली, तर तो ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगून मालकाच्या नावानं आपणच टायपिंग करू लागतो. अँटिव्हायरसला सहसा हे कळत नाही, कारण तो फायली तपासतो आणि ही लबाडी फायलीत नसतेच. त्याच्या आधी, २००८ साली, पेनड्राइव्हवरून पसरलेल्या किड्यामुळे अमेरिकी सैन्यदलाला अशा वस्तूंवर काही काळ बंदी घालावी लागली होती. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणच्या अणुप्रकल्पासाठी बनवलेला होता. तोही पेनड्राइव्हवरून पसरला, आणि इराण नि इंडोनेशियाच्या खालोखाल त्याची लागण झालेले संगणक सापडले ते भारतात. आपल्याशी कुणाचं वैर नव्हतं. वाटेत होतो, एवढंच.

यावर एक उपाय म्हणजे अनोळखी पेनड्राइव्हला दारच बंद करायचं. आपल्या सी-डॅकनं त्यासाठी ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाची आज्ञावली केली आणि २०१७ साली ती सायबर स्वच्छता केंद्रामार्फत लोकांना फुकट उपलब्ध झाली. नाव छान आहे. दुसरा उपाय मला जास्त भावला, कारण तो आपल्या जुन्या वाड्यांसारखा आहे. पाहुण्याला हाकलायचं नाही, पण थेट माजघरातही घ्यायचं नाही. आधी देवडीत बसवायचं.

योआना रुत्कोव्स्का या पोलंडच्या संशोधक बाईंनी २०१० साली क्यूब्झ नावाची संगणकप्रणाली जाहीर केली आणि २०१२ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. एकाच लॅपटॉपमध्ये अनेक वेगळे संगणक असल्यासारखी तिची रचना असते. एका खोलीत बँकेचं काम, दुसरीत नोकरीचं, तिसरीत नुसतं इंटरनेटवर भटकणं. एका खोलीत चोर शिरला तरी तो तिथंच अडकावा, ही कल्पना. मधल्या भिंती झेन नावाच्या आज्ञावलीनं उभ्या केलेल्या असतात. ती मूळची केंब्रिज विद्यापीठातली. प्रत्येक खोलीच्या खिडक्यांना वेगळ्या रंगाची चौकट असते, म्हणजे आपण कुठं टाइप करतो आहोत हे डोळ्यांना कळत राहतं. आणि यूएसबीसाठी एक स्वतंत्र खोली ठेवता येते. तिचं नाव सिस-यूएसबी. तीच ही देवडी. येणारी प्रत्येक वस्तू आधी तिथं थांबते. तिथून पुढं कोणत्या खोलीत न्यायची, हे मालकानं प्रत्येक वेळी सांगायचं.

हे सगळं मी लोणी देवकरला शिकलो. माझा भाचा तिथं राहतो. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला उजनीचं फुगवट्याचं पाणी, मध्ये ऊस. तिथल्या घरात बसून तो परगावच्या कंपन्यांचे हिशेब आणि नोंदी सांभाळतो. दुसऱ्यांचे आकडे आपल्या लॅपटॉपवर असतात, म्हणून त्यानं क्यूब्झ घातलेली. मी तिथं गेलो होतो खालाचा आवाज घेऊन.

आमची खाला जात्यावरच्या ओव्या गायची. मुसलमान घरातल्या बायका ओव्या गात नाहीत, असा शहरी लोकांचा समज असतो. जातं सगळ्यांच्याच घरात होतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याला आता कित्येक वर्षं झाली. खाला त्या यादीत नाही. माझ्या बहिणीनं मात्र एका छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर तिला गायला लावलं होतं. खाला गेली. पुढं तो रेकॉर्डर कपाटातल्या कपड्यांखाली निघाला.

हमरस्त्यावरच्या एका दुकानात तो जोडला, तर पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘करू का काका? लगेच होतंय.’ त्याचं बोट माउसवर होतंच. मी रेकॉर्डर ओढून घेतला आणि भाच्याकडे आणला.

भाच्याच्या लॅपटॉपला जोडल्यावर काहीच झालं नाही. पाटीसुद्धा आली नाही. बहीण म्हणाली, गेलं वाटतं सगळं. भाचा शांत होता. म्हणाला, ‘मामू, दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही. कुठल्या दाराशी अडलंय ते बघू.’

क्यूब्झवर यूएसबीची कुठलीही अडचण आली की याच क्रमानं जावं लागतं, बाहेरून आत. त्यानं पहिल्यांदा देवडीत डोकावलं. सिस-यूएसबीची खोली चालू होती, पण तिथल्या यादीत रेकॉर्डरचं नाव नव्हतं. देवडीतच कुणी नसेल, तर माजघरात शोधून काय उपयोग? म्हणजे दोष वस्तूत, केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये. केबल बदलली आणि नाव आलं. आधीची केबल नुसती चार्जिंगची होती, तिच्यात माहिती वाहणाऱ्या तारा नव्हत्याच. अशा केबली प्रत्येक घरात दोन-तीन पडलेल्या असतात आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

ही देवडीच कधी कधी उघडत नाही. यूएसबीचा कारभार पाहणारा कंट्रोलर या खोलीच्या ताब्यात द्यावा लागतो, आणि काही यंत्रांवर तो नीट हवाली होत नाही. मग खोली सुरूच होत नाही. त्यावर एक सवलतीची सेटिंग आहे, पण तिनं भिंत थोडी पातळ होते. शिवाय कंट्रोलर द्यायचा तर अख्खा. त्याच्यावरची सगळी पोर्टं, बऱ्याचदा लॅपटॉपच्या आतला कॅमेरा आणि ब्लूटूथही, सोबत जातात. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. तो देवडीत बसलेला असतो. टेबलावरच्या संगणकाला तर याहून कठीण प्रसंग येतो. कीबोर्ड यूएसबीचा, आणि सुरू होतानाच सगळी यूएसबी मुख्य प्रणालीपासून लपवलेली. मग डिस्कचा पासवर्ड टाइप कशानं करायचा? किल्ली आत आणि मालक अंगणात. बहुतेक लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड यूएसबीचा नसतो, म्हणून भाचा या कटकटीतून सुटलेला होता.

आता रेकॉर्डर दिसत होता, पण आत न्यायचा कसा? इथं दोन वाटा आहेत. एक म्हणजे ती वस्तू जशीच्या तशी, सगळ्या स्वभावासकट, दुसऱ्या खोलीला जोडायची. भाच्यानं इंटरनेट नसलेली एक खोली निवडली आणि हे करून पाहिलं, तर चूक दाखवली. तशा जोडणीसाठी लागणारा यूएसबी-प्रॉक्सी नावाचा भाग त्या खोलीच्या मूळ साच्यात बसवलेलाच नव्हता. त्यानं तो बसवला नाही. दुसरी वाट अधिक चांगली होती: वस्तू देवडीतच ठेवायची, तिच्यातली नुसती साठवण पुढं द्यायची. धान्याचं पोतं आत घ्यायचं, गाडीवान बाहेरच. कॅमेरा किंवा हेडफोन असेल तर पहिल्या वाटेला पर्याय नाही. पेनड्राइव्ह आणि रेकॉर्डरला दुसरीच योग्य. आणि या वाटेवर ‘फक्त वाचा, लिहू नका’ असंही बजावता येतं. त्यानं तसंच बजावलं.

आणखी एक नियम इथं कळला. एक वस्तू एका वेळी एकाच खोलीला. उसाला पाणी देताना दारं धरणाऱ्याला हे समजावायला नको. एक दार मोडून दुसरीकडं पाणी न्यायचं तर पहिलं आधी बंद करावं लागतं. पुष्कळांची तक्रार असते की कालपर्यंत चालणारा पेनड्राइव्ह आज जोडलाच जात नाही. काल तो न सोडवता उपटून काढलेला असतो, आणि कागदोपत्री तो अजून जुन्या खोलीतच राहत असतो. ती खोली बंद करून पुन्हा सुरू केली की बहुधा सुटतो.

साठवण आत आली, पण उघडेना. दुकानातल्या पाटीत तेवढं तथ्य होतं. अनुक्रमणिका बिघडली होती. भाच्यानं मग मूळ रेकॉर्डरला हात न लावता त्याची शब्दशः नक्कल एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि रेकॉर्डर परत बहिणीच्या हातात दिला. पुढची सगळी खटपट नकलेवर. फोटोरेक नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. ती अनुक्रमणिकेच्या भानगडीत पडत नाही. ध्वनिफाइल जशी सुरू होते त्या खुणा शोधत पान न् पान चाळते. दोन तास गेले. मध्येच वीज गेली, पण लॅपटॉप बॅटरीवर होता. सतरा तुकडे निघाले, त्यांतले दोन अर्धवट.

क्यूब्झ सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. तिला किमान ६ जीबी मेमरी लागते, शिफारस १६ जीबीची आहे, आणि प्रत्येक यंत्राशी तिचं जमत नाही. घरी एक लॅपटॉप, त्यावर पोरांचे सिनेमे, अशा घरात ती नुसता त्रास देईल. बहिणीचं तर अजूनही म्हणणं आहे की साधी गाणी ऐकायला एवढी सोंगं कशाला. पण ज्याच्याकडे दुसऱ्यांची कागदपत्रं येतात, सातबारे येतात, बँकेची पासबुकं येतात, दिवसातून पंचवीस परके पेनड्राइव्ह येतात, त्यानं निदान देवडीची कल्पना तरी उचलावी. एखादा जुना संगणक नेटविना बाजूला ठेवायचा, परका पेनड्राइव्ह आधी तिथं उघडायचा. संरक्षण क्यूब्झइतकं मिळणार नाही, पण दुकानाच्या मुख्य संगणकात परका पाहुणा थेट शिरणार नाही. आणि फॉरमॅटची पाटी आली, तर नक्कल होईपर्यंत ‘हो’ म्हणायचं नाही.

फोटोरेक आवाज देतं, नावं देत नाही. सतरा फायलींना नुसते आकडे होते. त्यामुळे एकेक लावून ऐकणं आलं. बहीण ऐकायची आणि सांगायची, ही भावाची ओवी, ही उरसाच्या वेळची, इथं मागं कोंबडी ओरडते ती आपल्या जुन्या घरातली. भाचा तसं टाइप करून घेत होता. चार फायली तिलाही ओळखता आल्या नाहीत. त्या आकड्यांच्याच नावानं ठेवल्या आहेत. खालाच्या वयाची एक बाई पळसदेवला आहे, तिला ऐकवायच्या आहेत.