युद्धाची वहिवाट



एखादे युद्ध अमक्या पुढाऱ्याच्या नावे लावून देण्याची चाल अमेरिकेच्या राजकारणात जुनी आहे. कोरियातील युद्धाला विरोधकांनी ट्रूमन यांचे युद्ध म्हटले, व्हिएतनामला जॉन्सन यांचे. आणि धाकट्या बुश यांनी २००१ साली अफगाणिस्तानात आरंभलेले युद्ध, ओबामा अधिकारारूढ झाल्यावर वर्षही उलटले नाही तोच, ओबामांचे म्हणवले जाऊ लागले. आपल्याकडील जमिनीच्या तंट्यांत सातबारावर नाव कोणाचे आणि वहिवाट कोणाची हे दोन प्रश्न निरनिराळे असतात. युद्धाच्या मालकीतही, माझ्या अल्पमतीप्रमाणे, नावापेक्षा वहिवाटच अखेर बळकट ठरते.

व्हिएतनामचे दप्तर उलगडले तर आरंभाची नोंद जॉन्सन यांच्या नावे सापडत नाही. तेथील फ्रेंचांच्या लढाईस द्रव्यसाहाय्य १९५० साली ट्रूमन यांनी सुरू केले. १९५४ च्या जिनीव्हा करारानंतर (त्याच्या अंमलावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्या देशाकडे होते, पण ती कथा स्वतंत्र आणि फारशी सुखद नव्हे) दक्षिणेतील राजवटीस आयसेनहॉवर यांनी आधार दिला, आणि केनेडींच्या अखेरीस तेथे सुमारे १६ हजार अमेरिकी लष्करी सल्लागार होते. हा वारसा जॉन्सन यांनी डोळे झाकून पत्करला, असेही म्हणता येत नाही. मे १९६४ मधील त्यांची दूरध्वनीवरील संभाषणे पुढे प्रसिद्ध झाली. हे युद्ध लढण्याच्या लायकीचे वाटत नाही आणि त्यातून निघताही येईलसे दिसत नाही, असे ते त्यांत आपल्या सल्लागाराला सांगतात. तरीही ऑगस्टमध्ये, टोंकिनच्या आखातातील प्रसंगाचे निमित्त करून, त्यांनी काँग्रेसकडून जवळजवळ कोरे मुखत्यारपत्र मिळवले, आणि १९६८ पर्यंत पाच लाखांहून अधिक सैनिक तेथे उतरवले. ज्याला स्वतःलाच विश्वास नव्हता त्याने युद्ध वाढवले. मालकीचा याहून सबळ पुरावा कोणता?

पराभवाचे खापर जॉन्सन यांच्यावर फोडून मोकळे व्हा, नाहीतर हे युद्ध तुमचे होईल, असा सल्ला आपणांस मिळाल्याचे निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात स्वतःच सांगितले आणि तो अव्हेरला. त्यानंतर कंबोडियावर स्वारी झाली, आणि निक्सन यांच्या कारकीर्दीत २० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक कामी आले. व्हिएतनामी मृतांची गणती तर लाखांत आहे. या साऱ्या मालकीच्या वादात ती आपल्या खाती मांडून घ्यायला कोणीच पुढे येत नाही.

१ डिसेंबर २००९ रोजी वेस्ट पॉइंट येथे ओबामांनी अफगाणिस्तानसाठी ३० हजार जादा फौज जाहीर केली, तेव्हा व्हिएतनामशी केलेली तुलना त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारली. भेद खरेच होते; अमेरिकेच्या भूमीवर आधी प्रत्यक्ष हल्ला झाला होता. परंतु फौज वाढवताना परतीचा मुहूर्तही सांगून टाकण्याची जी घाई त्या भाषणात दिसते, ती व्हिएतनामच्या स्मृतीवाचून समजत नाही. पुढे ट्रम्प यांनी २०२० मध्ये दोहा येथे तालिबानशी करार केला. आपण या युद्धाचे चौथे अध्यक्ष, पाचव्याकडे ते सोपवणार नाही, असे बायडेन म्हणाले. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले, तेव्हा वीस वर्षांचे अपयश त्या एका उन्हाळ्यातील कारभाऱ्याच्या माथी आले. १९७५ साली सायगाव पडले तेव्हा फोर्ड यांचेही असेच झाले होते.

या अध्यक्षांच्या रांगेमागे मुखत्यारपत्रावर सही करणारे सभागृह मात्र सहसा झाकून जाते. १९६४ चा ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द झाला, तरी अमेरिकेचे युद्ध १९७३ पर्यंत चाललेच. सप्टेंबर २००१ च्या युद्धपरवानगीच्या ठरावाला कनिष्ठ सभागृहात बार्बरा ली या एकट्या सदस्येने विरोध केला. १९६४ मध्ये कनिष्ठ सभागृहात एकही विरोधी मत नव्हते, आणि सिनेटमध्ये दोनच होती, वेन मोर्स व अर्नेस्ट ग्रूनिंग यांची. १९६८ साली युद्धाला विटलेल्या देशात जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी, कारणे काही अंशी स्थानिकही असतील, मोर्स आणि ग्रूनिंग या दोघांनाही त्यांच्या मतदारांनी घरी बसवले.