संगणकाची माहितीपाने आणि आपली नवी पिढी

(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाविषयी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस सांगण्यात आले आहे. विषयाचा विस्तार मोठा आहे. म्हणून आम्ही त्यातील एकच लहानशी गोष्ट निवडली आहे. ती म्हणजे संगणकालाच त्याच्याविषयी माहिती विचारणारी तीन अक्षरांची आज्ञा. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल; परंतु ज्ञान कोणाकडून आणि कसे घ्यावे, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

आपण ज्या न्युरेम्बर्ग नगरीत जमलो आहोत, ती ग्रंथांची नगरी आहे. १४९३ साली आंटोन कोबेर्गर या मुद्रकाने येथे जगाच्या इतिहासाचा प्रचंड सचित्र ग्रंथ छापला आणि एकाच वर्षी तो लॅटिन व जर्मन अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध केला. १५२५ साली येथीलच थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने कंपास आणि मोजपट्टीने मापन कसे करावे, यावर ग्रंथ लिहिला. तो त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या जर्मन भाषेत लिहिला; कारण तो केवळ चित्रकारांसाठी नव्हता, तर सोनार, शिल्पकार, पाथरवट आणि सुतार यांच्यासाठीही होता. ज्याच्या हातात हत्यार आहे, त्याच्या हातात त्या हत्याराचे शास्त्रही असले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

याच नगरीत १९९२ साली चौघांनी 'सूझे' ही कंपनी स्थापन केली. लिनक्स ही संगणकप्रणाली तिने १९९४ पासून जर्मन भाषकांच्या हाती सोपी करून दिली. त्या काळी तिच्या खोक्यात तबकड्यांबरोबर जाडजूड छापील मार्गदर्शिका असे. पुढे छापील पुस्तके मागे पडली, परंतु संगणकाच्या आत असलेली माहितीपाने आजही जागच्या जागी आहेत. त्यांची परंपरा सूझेहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली घडविली. डग मॅकिलरॉय या वरिष्ठांच्या आग्रहामुळे त्यांनी तिची माहितीपाने लिहिली आणि ३ नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांचा पहिला ग्रंथ तयार झाला.

ही पाने उघडण्याची रीत अशी. लिनक्स अथवा मॅक संगणकावर टर्मिनल उघडावे. 'मॅन' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून, ज्या आज्ञेची माहिती हवी तिचे नाव लिहावे आणि एंटर दाबावे. पडद्यावर पान उघडते. प्रथम आज्ञेचे नाव व तिचे एका ओळीतील काम, मग ती लिहिण्याचा नमुना, मग वर्णन आणि पर्याय. नमुन्यात चौकटी कंसात असलेला भाग ऐच्छिक असतो. तीन टिंबे म्हणजे तो भाग पुन्हा पुन्हा देता येतो. स्पेस दाबली की पुढचा मजकूर येतो, तिरकी रेघ देऊन शब्द शोधता येतो आणि क्यू दाबला की पान मिटते. आज्ञेचे नावच ठाऊक नसेल, तर 'मॅन'नंतर वजा चिन्ह व के हे अक्षर देऊन विषयाचा शब्द लिहावा. त्या शब्दाशी संबंधित पानांची यादी मिळते. या सर्वांस इंटरनेट लागत नाही.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. घरातील एक उदाहरण घेऊ. लग्नसमारंभाची छायाचित्रे दोन कॅमेऱ्यांतून आली आणि काही फाइलींची नावे योगायोगाने सारखीच निघाली. फाइल हलविणारी आज्ञा, म्हणजे एम-व्ही, वापरून मुलाने त्या एका जागी आणल्या. ही आज्ञा सामान्यतः न विचारता जुन्या फाइलीवर नवी फाइल बसविते; आजीचे छायाचित्र कायमचे जाऊ शकते. लिनक्सवरील तिचे माहितीपान उघडले असते, तर 'आय' या पर्यायाने ती आधी विचारते आणि 'एन' या पर्यायाने जुन्या फाइलीस हात लावत नाही, हे दोन मिनिटांत कळले असते. मित्रहो, कोणी सांगितले म्हणून करणे आणि स्वतः वाचून करणे, यांतील अंतर एवढे मोठे आहे.

आज प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु ती कधी अस्तित्वात नसलेला पर्यायही आत्मविश्वासाने सांगतात, तर कधी त्यांचे उत्तर दुसऱ्याच आवृत्तीला लागू असते. प्रणालीबरोबर आलेले पान सहसा आपल्याच संगणकावरील आवृत्तीचे असते. म्हणून उत्तर कोठूनही मिळो, ते पानाशी ताडून पाहावे.

या पानांचा आणखी एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९७१ च्या पहिल्या ग्रंथापासूनच त्यांत दोषांचा स्वतंत्र मथळा आहे. आपल्याच कृतीतील उणीव कर्त्याने स्वतः लिहून ठेवावी, अशी ही रीत आहे. जे ज्ञान आपले दोष लपवीत नाही, त्यावरच विश्वास ठेवता येतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. स्वयंसेवकांनी यांतील कितीतरी पाने जर्मनमध्ये आणली आहेत. ती बसविली आणि संगणकाची भाषा जर्मन ठेवली, की तीच 'मॅन' आज्ञा जर्मन पान दाखविते. लिनक्सवरील खिडक्या व याद्या यांचा मराठी अनुवादही पुष्कळ प्रमाणात झाला आहे. परंतु माहितीपानांचा असा संच मराठीत उभा राहिलेला नाही. खेड्यातील शाळेत शिकणाऱ्या आपल्या भावंडांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडल्यावाचून हे ज्ञान मिळत नाही. ड्यूररने ज्या नगरीत पाथरवटाला त्याच्या भाषेत शास्त्र दिले, त्या नगरीत राहून आपण हे पाहत बसावे काय?

म्हणून आम्ही दोनच विनंत्या करतो. विद्यार्थ्यांनी कोणतीही अनोळखी आज्ञा चालविण्यापूर्वी तिचे पान वाचावे. आणि येथील तरुणांनी आई-वडिलांना सोबत घेऊन वर्षभरात निदान दहा पाने मराठीत आणावीत. तंत्र मुलांना अवगत आहे, मराठी आई-वडिलांना. दोघे एका मेजाशी बसले, तर पाने तयार होतील आणि या परक्या मुलुखात मुलांची मराठीही टिकेल.