अंतू शेणैचे वंशज आणि चर्चची वही

संमोहनविद्येने पॅरिस गाजवणारा आबे फारिया 1756 साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मला. वडिलांचे घराणे कोलवाळचे. आडनाव अस्सल पोर्तुगीज. पण त्याचे चरित्रकार या घराण्याचा मूळपुरुष म्हणून सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या अंतू शेणैचे नाव देतात. फारियाचे आईवडील पुढे विभक्त झाले. वडील पाद्री झाले, तर आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. हे कुटुंब चर्चच्या कागदांत वेगवेगळ्या वाटांनी शिरले, म्हणून ते सापडते तरी. चारचौघांच्या पूर्वजांचे काय?

गोव्यात वंशाचा शोध घेणारा माणूस बहुधा आडनावाच्या मागे धावतो आणि तिथेच फसतो. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला धर्मपित्याचे, म्हणजे गॉडफादरचे, किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. धर्मपिते निराळे असले, तर सख्ख्या भावांची आडनावे निराळी व्हायची. आणि एकाच गावातले दोन डिसोझा रक्ताने एकमेकांचे कोणी लागतीलच असे नाही. पूर्वज हरवत नाही, तो भलत्याच नावाखाली बसलेला असतो.

त्याला हुडकायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: चर्चची वही पणतवंडांच्या सोयीसाठी लिहिलेली नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये पाद्रींना विवाहाची वही ठेवायला सांगितले आणि बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे लिहायला लावली. कारण व्यवहाराचे होते. धर्मपिता आणि धर्मकन्या यांचे नातेही लग्नाला आड येई. शिवाय रक्ताच्या नात्यात चौथ्या पिढीपर्यंत बंदी होती. वधूवरांचे खापरपणजोबा एक निघाले, तरी खास परवानगीवाचून लग्न लागत नसे. 1917 च्या धर्मसंहितेने ही मर्यादा तिसऱ्या पिढीवर आणली.

अशी परवानगी मागायची म्हणजे नाते उलगडून दाखवणे आलेच. त्यामुळे ज्या घराने नात्यात सोयरीक केली, त्याची वंशावळ तयारच हाती लागण्याची आशा असते. ज्यांनी सरळमार्गी लग्ने केली, त्यांच्या वंशजांनी मात्र एकेक नोंद जोडत बसावे!

जुन्या वह्यांपैकी पुष्कळ आता पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. त्यातली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली एखादी बाप्तिस्म्याची नोंद उघडावी. अक्षर तिरके, शाई पलीकडच्या बाजूला उमटलेली. फ्रान्सिस्को हे नाव पुरते लिहिलेच नाही. आधी ‘फ्र’ आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला ‘को’. मुलाचे फक्त पाळण्यातले नाव, आडनाव नाहीच. पण खाली नजर गेली की घबाड मिळते: आईबाप, बरेचदा दोन्हीकडचे आजी-आजोबा, त्यांची गावे, आणि शेवटी धर्ममातापिता. धर्ममाता अनेकदा मावशी किंवा आत्या असते. आईचे माहेर कुठले हे कळत नसेल, तर या धर्ममातेच्या नावावरून वाट सापडू शकते. नवखा वाचक मात्र मुलाचे नाव टिपून पुढचे पान उलटतो.

चर्चच्या वहीने हात टेकले, की गावकीचे, म्हणजे गावकारांच्या सामाईक संस्थेचे, दप्तर गाठावे. धर्म बदलला तरी गावकाराचा गावकीतला हक्क राहिला. उत्पन्नाचा वाटा, म्हणजे जोण, मिळवायचा तर अमुक वांगोडातल्या, म्हणजे गावकारांच्या कुळातल्या, पुरुषाचा वंशज आहे हे दाखवावे लागे. आडनाव बदलले तरी वांगोड बदलत नसे. पण इथे फक्त बापाची रेघ दिसते, आई गायब.

हिंदू घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तेच. यजमान कोणाचा, दक्षिणेचा हक्क कोणाकडे, हे ठरवण्यासाठी त्या राखल्या गेल्या. म्हणून त्यांत गाव, कूळ आणि बाप-आजा-पणजा हा क्रम चोख असतो, बायकांची नावे मात्र कमीच. मूळ गाव माहीत नसलेला माणूस तिथे उभा राहिला, तर उपाध्यायानेही नेमकी कोणती वही काढावी? जुनी पाने मोडी लिपीत असली तर आणखी एक अडथळा. पाद्रीने स्त्रियांना लग्नाच्या आडकाठीपायी का होईना नोंदवून ठेवले, इथे मात्र त्या घरच्या वंशवृक्षात नुसत्या ‘सौ.’ होऊन राहिल्या. आजीच्या पिढीच्या मागे जाऊ पाहणाऱ्या मराठी घरांची खरी अडचण ही आहे.

तेव्हा पणजीला किंवा त्र्यंबकला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. तिच्या आईचे, सासूचे, आजेसासूचे माहेर, त्यांची लग्नाआधीची नावे, कुलदैवत आणि सोडलेले गाव असे जेवढे सांगेल तेवढे लिहून घ्या, आणि वहीवर तारीख घाला.