संगणकाच्या गाभ्यांतले झरोके

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. त्यावर जोतिबाचें, म्हणजे केदारनाथाचें, देऊळ. आजची वास्तु राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं उभारविली. चैत्री पौर्णिमेस तेथें माणसांचा पूर लोटतो, गुलालानें अवघा डोंगर रंगून जातो, आणि वाटेच्या दोहों बाजूंस नारळ, खोबरें, दवणा व गुलाल यांचीं दुकानें गजबजून उठतात. अशा एखाद्या दुकानांत आज हिशेबाच्या वहीशेजारीं लॅपटॉपहि मांडलेला दिसतो. तो तेथून हलत नाहीं. बारा महिने तेरा काळ विजेच्या तारेला जोडलेला. दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी निकामी होते, कधीं तर फुगून कळफलकच वर उचलून धरते. दुकानदार म्हणतो, "माल वाईट निघाला." माल बहुधा वाईट नसतो.

लिथियमच्या बॅटरीला सदा भरलेली अवस्था मानवत नाहीं. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट असतो. त्या दाबावर, आणि त्यांतहि उष्म्यांत, घटांतील द्रव्यें हळूहळू बिघडत जातात व त्यांतून वायु निर्माण होतो. भरणें ८० टक्क्यांवर थांबविलें, तर तीच बॅटरी पुष्कळ अधिक काळ टिकते. नवलाची गोष्ट ही कीं, थांबविण्याची सोय कित्येक लॅपटॉपांत मुळांतच असते. बॅटरी भरण्यावर देखरेख करणारी एक लहानशी स्वतंत्र चिप आंत बसविलेली असते, आणि "अमुक टक्क्यांवर थांब" हा हुकूम तिला कळतो. तो तिच्यापर्यंत पोंचवावयाचा कोणीं, एवढाच प्रश्न.

कारखानदार बहुधा विंडोजसाठीं केलेला आपला एक प्रोग्रॅम सोबत देतो व मोकळा होतो. परंतु त्याच यंत्रावर कोणी लिनक्स बसविलें, तर तो प्रोग्रॅम तेथें चालत नाहीं. लिनक्स म्हटल्यावर दूरदेशींचें कांहीं समजूं नये. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं प्रसृत केलेली 'बॉस' ही प्रणालीहि लिनक्सच होय. ती संस्थेच्या चेन्नई केंद्रांत तयार झाली. चिप तीच, बॅटरी तीच, पैसे मोजून घेतलेला मालकहि तोच. आणि आपल्याच यंत्राच्या एका कळीला त्याचा हात पोंचत नाहीं. हा अन्याय म्हणावा इतका मोठा नसेल, पण गैरसोय म्हणून सोडून देण्याइतका लहानहि नाहीं.

येथें 'कर्नल'चा संबंध येतो. हा पलटणींतला कर्नल नव्हे. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ बीज, गर किंवा गाभा असा आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स या नांवानें जें लिहिलें, तें हा गाभाच. यंत्राच्या सुट्या भागांशीं बोलण्याचा अधिकार एकट्या गाभ्यास. इतर प्रोग्रॅमांना तेथें थेट मज्जाव. जोतिबाच्या देवळांत भाविक नारळ पुजाऱ्याच्या हातीं देतो आणि पुजारी तो देवापुढें ठेवतो, तसाच हा व्यवहार. हजार प्रोग्रॅम एकदम चिपेवर तुटून पडले, तर यात्रेच्या दिवशीं गाभाऱ्यांत जें होईल तेंच तेथें होईल.

मग मालकानें नारळ द्यावा कोठें? त्यासाठीं लिनक्सच्या २.६ या आवृत्तीबरोबर, २००३ च्या डिसेंबरांत, पॅट्रिक मोशेल यांनीं घडविलेली 'सिस-एफएस' नांवाची रचना सर्वत्र आली. संगणकांत 'सिस' नांवाची एक फोल्डर दिसते. तिच्यांत पडद्याचा उजेड, दिवे, बॅटरी अशा एकेका उपकरणाची शाखा, आणि शाखेंत लहान लहान फाइली. नियम असा कीं, शक्य तोंवर एका फाइलींत एकच मूल्य असावें. या फाइली कोठेंहि सांठवून ठेवलेल्या नसतात. ते झरोके आहेत. फाइल वाचूं लागतांच गाभा उपकरणाला विचारून आंकडा सांगतो. तिच्यांत ८० लिहिले, कीं तो हुकूम चिपेस पोंचवितो. ८०० लिहिले तर "अमान्य" म्हणून परत पाठवितो. वाचण्यास बहुधा सर्वांना मुभा, लिहिण्यास मात्र यंत्राच्या व्यवस्थापकासच.

झरोका ठेवणें सोपें; ठेवलेला बुजविणें महाकठीण. झरोक्याच्या नांवावर विसंबून जगभरचे लोक आपापले प्रोग्रॅम लिहितात, आणि चालत असलेला प्रोग्रॅम गाभ्यांतील बदलानें मोडतां कामा नये, असा टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. जोतिबाच्या यात्रेंत निनाम-पाडळीच्या सासनकाठीचा मान पहिला. एकदां दिलेला मान काढून घेण्याची भाषा कोणी करून पाहावी! गाभ्याचे कारभारी नव्या फाइलीच्या नांवावर घोळ घालतात तो यामुळेंच. थिंकपॅड जातीच्या लॅपटॉपांसाठीं २०१८ सालीं ही सोय गाभ्यांत आली, तेव्हां फाइलीचें नांव 'चार्ज स्टॉप थ्रेशोल्ड' असें होतें. पुढें सर्व कंपन्यांच्या यंत्रांना एकच नांव असावें म्हणून 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' हें रूढ झालें. परंतु जुनें नांवहि तसेंच चालूं ठेवावें लागलें. व्याकरणकारांनाहि इतकें जुनें जपावें लागत नाहीं.

आणि सर्वच कळी उघड्या कराव्या असेंहि नाहीं. यंत्र सुरू होतांना लागणाऱ्या मूलभूत नोंदीहि अशाच फाइलींच्या रूपानें दिसत असत. २०१६ च्या आरंभीं एका वापरणाऱ्यानें आपल्या लॅपटॉपवरील सर्व फाइली पुसण्याची आज्ञा दिली; तींत त्या नोंदीहि पुसल्या गेल्या, आणि यंत्र पुन्हां सुरूच होईना. दोष मुळांत कारखान्यांतून आलेल्या कच्च्या फर्मवेअरचा. तरीहि गाभ्याच्या कारभाऱ्यांनीं त्याच वर्षीं, कांहीं ठराविक नोंदी वगळून, बाकीच्यांना कुलूप घातलें. तें मुद्दाम काढल्याखेरीज आतां त्या पुसतां येत नाहींत.

डोंगरावरील दुकानदारास इतका इतिहास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्याच्या लॅपटॉपांत ती फाइल असेल, तर घरांतल्या जाणत्या मुलानें व्यवस्थापकाच्या अधिकारानें तींत ८० लिहावें. नसेल, तर त्या चिपेची भाषा अद्याप कोणी गाभ्याला शिकविलेली नाहीं असें समजावें, व निदान रात्रीं दुकान लावतांना तार काढून ठेवावी. कित्येक यंत्रें बंद करून पुन्हां सुरू केलीं कीं हा आंकडा विसरतात. अशा वेळीं तो प्रत्येक आरंभीं आपोआप लिहिला जाईल अशी व्यवस्था करावी लागते.