फुलबॅक बिल मॅक्रॅकन
(ज्युबिलीनिमित्त झालेल्या फुटबॉल सामन्यांच्या बक्षीस-समारंभातील भाषण)



गोल मारणाऱ्याची वाहवा सर्वत्र होते. गोल राखणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी काढतो. म्हणून आज एका फुलबॅकची हकीकत आपणांस सांगण्याचे मी योजिले आहे.

बिल मॅक्रॅकन ह्यांचा जन्म 1883 साली बेलफास्ट येथे झाला. 1904 साली ते इंग्लंडातील न्यूकॅसल युनायटेड संघात दाखल झाले व 1923 पर्यंत तेथेच राहिले. त्या अवधीत ह्या संघाने 1905, 1907 व 1909 साली लीगचे अजिंक्यपद आणि 1910 साली एफ. ए. कप मिळविला.

परंतु त्यांची खरी कीर्ती निराळ्याच कारणाने झाली. त्या वेळच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणे, पुढे चेंडू घेणाऱ्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. मॅक्रॅकन नेमक्या क्षणी पुढे सरकत. धावत आलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरे व शिट्टी वाजे. प्रेक्षक चिडत, पण नियमाचा भंग त्यात नसे. इतर संघांनीही ही युक्ती उचलली, आणि अखेर 1925 साली तिघांऐवजी दोन गडी पुरेत, असा नियम करावा लागला. पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात 1192 गोल झाले होते. पुढील हंगामात ते 1703 झाले!

मैदानाबाहेर टाकलेले एक पाऊल मात्र त्यांना महाग पडले. आयर्लंडच्या संघात ते 1902 पासून खेळत. इंग्लंडच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय सामन्यास जेवढे मानधन मिळे तेवढेच आपणांसही मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. आयरिश संघटनेने ती अमान्य करून त्यांना संघाबाहेर ठेविले. उमेदीची वर्षे निघून गेली. पुढे महायुद्ध आले. ते संपल्यावर त्यांना पुन्हा बोलावणे आले, आणि 1923 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते आयर्लंडतर्फे अखेरचा सामना खेळले.

त्यांनी थोडे नमते घ्यावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. सारख्या श्रमास सारखा मोबदला मागणे हा लोभ नव्हे. आणि त्या मागणीची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

असो. आजच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंच्या ज्या मुलांनी शेवटपर्यंत गोल राखला, त्यांची नावे अद्याप कोणी पुकारली नाहीत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा, म्हणजे माझे भाषण संपले.